कागद फुगतो तेव्हा

ओगाकीत, कालव्यालगतच्या छापखान्यात
यंत्र आधीच विकलं गेलं होतं.
गिऱ्हाईक मोम्बासाचं. त्याला माहितीपुस्तिका हवी होती
इंग्रजीत, मार्चअखेर.
दर पानाला अकराशे येन. मी हो म्हटलं.

कुरेबायाशी रोज दोनला येत,
रॉकेलच्या शेगडीपाशी डावा कान माझ्याकडे करून बसत.
उजवा यंत्राने केव्हाच खाल्ला होता.

"तोम्बो," म्हणाले पहिल्या दिवशी,
आणि कागदाच्या कोपऱ्यात बोटाने फुली काढली.
तोम्बो म्हणजे चतुर, पाण्यावर भिरभिरणारा.
चार रंग एकमेकांवर नेमके उतरावेत म्हणून
कोपऱ्याकोपऱ्यात बसवलेला.
मी लिहिलं: रजिस्टर मार्क.
चतुर उडाला. शेगडी तेवढी कुरकुरली.

पुस्तक उघडलं की दोन पानांमधे जी खोल जागा
तिला आम्ही म्हणतो नोदो, घसा.
ओळ फार आत गेली तर पुस्तक तिला गिळतं.
इंग्रजीत गटर.
मी दोनदा कोश पाहिला.
"काय म्हणतात ते लोक?"
"पाणी वाहून जायची जागा."
"हं," म्हणाले, "घशातूनही जातंच की,"
आणि उरलेला चहा संपवला.

एखादा शब्द ओळीच्या टोकाशी तुटतो,
अर्धा इथे, अर्धा पान उलटल्यावर.
त्याला नाकिवाकारे, रडत घेतलेला निरोप.
इथे मात्र इंग्रजीने मला गप्प केलं:
त्यांच्याकडे एकट्या पडलेल्या ओळी
विधवा असतात, अनाथ असतात.
म्हणजे खिळे जुळवणारी माणसं
तिथेही रात्रपाळीला हळवी होत असणार.
आम्ही निरोपापाशी थांबतो,
ते पुढे घरात जाऊन बघतात.

केन्तो म्हणजे रंगावर रंग बसणं,
आणि केन्तो म्हणजे अंदाज. शब्द एकच.
"यंत्र गेल्यावर काय करणार?" मी सहज विचारलं.
"केन्तो लागत नाही."
सकाळपासून चाळीस वेळा
मी त्याच शब्दाचं रजिस्टर केलं होतं.

आणि मुकुरे.
हा कुठल्याच कोशात नाही.
दमट सकाळी कागद कडेने लाटा धरतो, फुगतो.
गठ्ठे सारखे करणाऱ्या सुमिएबाईंनी एकदा म्हटलं, रुसलाय,
तेव्हापासून त्या छापखान्यात कागद रुसतो.
उपाय: अर्धा तास त्याच्याकडे बघायचं नाही.
इंग्रजीत आहे शब्द, वेव्ही एज,
पुढे आर्द्रतेचे टक्के.
लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला.

खिळा सापडला नाही की जुने लोक
दुसराच कुठला तरी पालथा बसवत;
त्याच्या बुडाचे दोन जाड ठसे उमटत,
चिखलात खडावा उमटाव्यात तसे.
अर्थ एवढाच: इथे कुणीतरी यायचं आहे.
पान बासष्टवर मी खडावा ठेवल्या
आणि पुस्तिका पाठवून दिली.
असं करायचं नसतं, मला माहीत आहे.

मे महिन्यात म्वाकिओ नावाच्या माणसाचं पत्र आलं.
यंत्र नीट पोचलं, एक रूळ घासलाय,
आणि बासष्टवर त्या दोन काळ्या रेघा कसल्या?
मी सगळं लिहिलं, सुमिएबाईंसकट.
उत्तर दोन ओळींचं:
समुद्राच्या हवेत इथेही होतं तसं.
आमची पोरं म्हणतात, कारातासी इमेनुना.

अर्थ शोधायला बराच वेळ लागला.
कागद फुगून बसलाय.

छत्री न घेताच कुरेबायाशींकडे गेले,
डाव्या कानाशी वाकून दोनदा सांगितलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"आणि ते काय करतात मग? थांबतात का अर्धा तास?"

ते विचारायचं राहिलं होतं.